वेरूळ-कन्नड पट्ट्यात होमस्टे: बायकांना नेमकं काय शिकवायचं?

सातमाळा_ताई

नमस्कार मंडळी. मी वेरूळजवळच्या एका गावातली, आमच्या बचत गटाचा हिशोब मी बघते. धागा जरा लांब होईल पण होमस्टेचा, म्हणजे पैसे घेऊन पाहुण्याला आपल्या घरी ठेवायचा विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

वेरूळला किती गाड्या येतात ते कुणाला सांगायला नको. ३४ लेणी, १९८३ पासून जागतिक वारसा, शेजारी घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग, त्याच रस्त्यावर देवगिरीचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती, वर म्हैसमाळ. पण येणारा माणूस सकाळी शिर्डीहून नाहीतर संभाजीनगरहून निघतो, दर्शन घेतो, कैलास लेणं बघतो आणि अंधार पडायच्या आत शहरातल्या हॉटेलात परत, शहर तीस किलोमीटरवर असल्यावर तो इथं कशाला थांबेल. आमच्या गावात त्याचे पैसे पडतात ते पाण्याच्या बाटलीचे आणि चहाचे. तोच माणूस एक रात्र गावात राहिला तर दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याची लेणी बघेल, गौताळ्याच्या अभयारण्यात जाईल, आणि दोन वेळचं जेवण आमच्या चुलीवरचं खाईल.

मध्यंतरी एका संस्थेनं तालुक्याला दोन दिवसाचं होमस्टे प्रशिक्षण ठेवलं. हॉल, प्रोजेक्टर, जेवण, शेवटी सर्टिफिकेट आणि फोटो. आमच्या बायका गेल्या, सगळं मन लावून ऐकलं, आणि घरी आल्यावर एकीलाही कळेना की आता उद्या सकाळी उठून पहिलं काय करायचं. पाहुणचार तर ह्यांना कुणी शिकवायची गरजच नाही, दिंडी आली की पन्नास माणसाचा स्वयंपाक ह्याच बायका करतात. मग शिकवायचं नेमकं काय? ज्यांनी केलंय किंवा जे पाहुणे म्हणून राहिलेत त्यांनी मोकळेपणानं लिहा.

फर्दापूर_फाटा

ताई एकदम बरोबर विषय काढला. मी अजिंठ्याच्या पायथ्याला धंदा करतो त्यामुळं रोज बघायलोय. सगळ्यात पहिलं शिकवायचं म्हणजे फोनवर बोलणं. आपल्याकडं फोन आला की "हा या की, कधीबी या, रूम हाय" एवढंच बोलून फोन ठेवतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, आणि माणूस लेकराबाळासहित सोमवारी आमच्या फाट्यावर येऊन उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही. ज्याच्या घरी तो उतरणार त्यानंच फोनवर विचारलं पाहिजे, कोणत्या वारी येणार, किती माणसं, लहान लेकरं किती, म्हातारं कुणी आहे का, पायऱ्या चढवतील का. अजिंठ्याला खाजगी गाडी फाट्यावरच लावावी लागते, तिथून पुढं एसटीच्या बसनं लेण्यापर्यंत जायचं, हे आधी सांगितलं तर माणूस पाणी टोपी घेऊन तयारीनं येतो. दोन मिनिटाचं बोलणं आहे पण पाहुण्याचा अख्खा दिवस वाचतो आणि तो घरी जाऊन दहा जणाला सांगतो.

दुसरं, आमच्याकडं श्रीलंका, थायलंड, जपानचे लोक येतात, बुद्धाचं स्थान म्हणून श्रद्धेनं येतात. परदेशी पाहुणा घरी उतरवला तर २४ तासाच्या आत त्याच्या मुक्कामाची नोंद सरकारकडं ऑनलाईन करावी लागते, सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात, घरगुती मुक्काम असला तरी. बऱ्याच जणांना हे माहितीच नसतं आणि मग पोलीस चौकशी आली की घाबरून धंदाच बंद करतात. गटातल्या एखाद्या शिकल्या पोरीला हे काम नीट शिकवा, सगळ्या घरांचं तिनंच भरायचं.

तुळजापूरची_माहेरवाशीण

मी थोडं वेगळं सांगते. होमस्टे हा शब्द नवीन असेल पण तुळजापुरात पुजाऱ्यांच्या घरी भक्त उतरतात ही रीत फार जुनी. पिढ्यानपिढ्याचे यजमान ठरलेले, कुणाचं कुळ कुणाकडं ते वहीत लिहिलेलं, आले की अंघोळीला पाणी, नैवेद्य, पुरणपोळीचं जेवण, झोपायला जागा. म्हणजे अनोळखी माणूस घरात घ्यायची सवय मराठवाड्याला आहेच.

अवघड कुठं जातं तर पैशापाशी. तिथं दक्षिणा असते, जो तो आपल्या ऐपतीनं देतो. इथं मात्र दर सांगावा लागतो आणि तो सांगताना आपल्या बायकांची जीभ अडखळते. "द्या काय द्यायचं ते" असं म्हणतात. पाहुणाही गोंधळतो, त्याला वाटतं कमी दिले तर वाईट दिसेल जास्त दिले तर फसलो. मग जाताना दोघांच्याही मनात काहीतरी राहतं. त्यामुळं माझं मत असं की दर सांगायची तालीमच घ्या, अगदी एकीनं पाहुणी व्हायचं आणि दुसरीनं सांगायचं, मुक्कामाचे इतके, जेवणाचे ताटामागं इतके, लहान लेकराचे इतके, निम्मे आधी फोनपेवर पाठवा. दहादा तोंडानं म्हणलं की लाज जाते. दर गावात सगळ्यांचा एकच ठेवा आणि पाटीवर लिहा, म्हणजे घासाघीस करणाराला पाटी दाखवता येते.

जालन्याचा_पुण्यात

पाहुण्याच्या बाजूनं लिहितो, बायको आणि दोन मुली घेऊन अशा घरांत राहायला आम्हाला आवडतं, मुलींना शेत कळावं म्हणून मुद्दाम जातो.

जेवणाची काळजी करूच नका, जेवण सगळीकडं उत्तमच असतं. माझी बायको घरात शिरल्या शिरल्या एकच गोष्ट बघते, बाथरूमला आतून कडी आहे का. पुष्कळ ठिकाणी कडी नसते, दार फुगलेलं असतं, नाहीतर कडी असते पण ती वाकलेली. आत कपडे टांगायला खुंटी नाही म्हणून बादलीच्या काठावर टॉवेल, तो भिजतो. बल्ब बाहेरच्या बाजूला आणि बटन तिसऱ्याच भिंतीवर. खिडकीला काच आहे पण पडदा नाही. ह्या सगळ्याला मिळून हजार रुपये लागत नाहीत हो, पण बाईमाणसाला तिथं सुरक्षित वाटतं की नाही हे ह्यावरच ठरतं. संडास घराबाहेर असला तरी चालतो, पण रात्री तिथपर्यंत उजेड पाहिजे आणि आत पाणी भरलेलं पाहिजे.

आणखी एक, हे जरा नाजूक आहे. आपल्याकडं पाहुण्याला एकटं सोडणं म्हणजे अनादर वाटतो. सगळं घर येऊन बसतं, शेजारचे येतात, आजी रात्री अकरापर्यंत गप्पा मारते, फार प्रेमानं, मला स्वतःला ते आवडतं. पण दिवसभर लेणी चढून उतरून आलेल्या माणसाचे डोळे मिटत असतात. जेवण झालं की "तुम्ही आता पडा, काही लागलं तर हाक मारा" असं म्हणून दार लोटून घेणं हेही आदरातिथ्यच आहे हे कुणीतरी शिकवायला पाहिजे.

सातमाळा_ताई

दादा कडीचं वाचून मी लगेच उठून आमच्या सुनेला विचारलं, ती म्हणली हेच तर सांगत होते मी इतके दिवस. आमच्याकडच्या न्हाण्या बघितल्या तर निम्म्यांना धड दार नाही, घरातल्या बाया पहाटे अंधारात अंघोळ उरकतात म्हणून कुणाला अडत नाही. म्हणजे पाहुण्याच्या निमित्तानं घरातल्या लेकीसुनांची पण सोय होईल, हे गटात सांगितलं तर बायका पैसे काढायला लगेच तयार होतील.

नळदुर्गकर_भाऊ

मी जरा विरोधी बोलतो, राग मानू नका. सगळ्याच गावांनी ह्यात पडू नये.

आमच्याकडं नळदुर्गला पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं की किल्ल्यातल्या पाणी महालावरनं नर-मादी धबधबा पडतो, तेव्हा काय गर्दी होते, सोलापूर, लातूर, हैदराबादच्या गाड्या. पण ती गर्दी धबधब्याची. पाणी आटलं की लोक आटले. त्या चार आठवड्याच्या भरवशावर कुणी कर्ज काढून खोल्या बांधल्या तर बाकीचे महिने हप्ता कुठून भरणार? पाऊस झाला नाही तर धबधबाही नाही, ते वर्ष तर कोरडंच जाणार. वेरूळ अजिंठ्याचं तसं नाही, तिथं बारा महिने माणूस येतो, उन्हाळ्यात कमी पण येतो. तरी माझं सांगणं हेच की नवीन बांधकाम करूच नका. आहे ती खोली रिकामी करा, पांढरा चुना मारा, दोन चांगल्या गाद्या घ्या. सुरुवात शेती धरून करा, शेती सोडून नको.

आणि पाणी. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते विसरू नका. शहरातला पाहुणा शॉवर उघडा ठेवून दात घासतो. एप्रिल-मे मध्ये गावातल्या बायका टँकरपुढं घागरी घेऊन उभ्या आणि होमस्टेच्या टाकीत पाणी, असं झालं तर गाव त्या घरावर उलटेल आणि ते बरोबरच असेल. म्हणून शॉवर बसवूच नका, बादली-तांब्या ठेवा आणि पाहुण्याला आल्या आल्या प्रेमानं सांगा की आमच्याकडं पाणी जपून वापरतात. लोक ऐकतात, सांगणाराचा आवाज ठाम पाहिजे. उन्हाळ्यात ज्या महिन्यात विहीर तळाला जाते त्या महिन्यात बुकिंग बंद, हे ग्रामसभेतच ठरवून टाका. दारूचंही तिथंच ठरवा, नाहीतर घरधनी नाही म्हणायला कचरतो आणि त्रास घरातल्या बाईला होतो. गावाचा ठराव आहे म्हणलं की नाही म्हणणं सोपं जातं.

बँकेतला_परभणीकर

नळदुर्गकरांशी सहमत, कर्ज शेवटी. पण माहिती असावी म्हणून लिहितो. राज्याच्या पर्यटन विभागाचं २०२३ सालचं "आई" धोरण आहे, महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखापर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्याच्या मर्यादेत सरकार परत देतं. व्यवसाय बाईच्या नावावर पाहिजे, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी पाहिजे आणि हप्ते वेळेवर भरलेले पाहिजेत. म्हणजे व्याज आधी तुम्ही भरायचं आणि मग ते परत मिळणार, हे समजून घ्या, बऱ्याच जणांचा समज असा होतो की व्याज भरावंच लागत नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये होमस्टेला मुद्रा कर्ज द्यायचं जाहीर झालं. घरातल्या एकदोन खोल्या द्यायच्या असतील तर न्याहारी व निवास योजनेत नोंदणी होते, शेतावर करायचं असेल तर २०२० चं कृषी पर्यटन धोरण बघा. जेवण देणार म्हणल्यावर अन्न परवान्याची साधी नोंदणी करून घ्या.

प्रशिक्षणाला हॉलवाल्या संस्था शोधण्यापेक्षा आरसेटीत जा. अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था प्रत्येक जिल्ह्यात असते, फुकट असतं, राहणं जेवण पण. उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, तालुक्याच्या मॅडमला सांगून वीस-पंचवीस बायकांची बॅच मागा. आणि हिशोबाचं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं वहीत ठेवा, पाहुण्यासाठी आणलेलं तेल आणि घरचं तेल एकाच डब्यात गेलं की नफा झाला का तोटा ते कधीच कळत नाही.

लातूरची_सून

जेवणाची काळजी नको म्हणलंय वर, पण मला करावीशी वाटते कारण मी उलटं बघितलंय. पाहुणा शहरातला आहे म्हणून घरच्या बाया पनीरची भाजी करतात, मैद्याच्या रोट्या, वर नूडल्स. ते बिचारे शहरात रोज खातातच की ते. त्यांना द्या ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे दही, शेंगुळे. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घालून केलेलं पीठ, ते तर आमच्याकडं वर्षाचं करून ठेवलेलं असतं, पाहुणे अचानक आले तरी अर्ध्या तासात आमटी उकळते. फक्त तिखट बेतानं, आणि वेगळ्या वाटीत ठेचा.

हुरड्याचे दिवस तर सोडूच नका. डिसेंबरपासून कणसं दुधात येतात, शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस खुपसायचं, राख झटकून गरम गरम तळहातावर चोळायचं, फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हिरवे दाणे हातात राहतात. पुण्याची लेकरं हात भाजले म्हणून ओरडतात आणि परत हात पुढं करतात. सोबत खोबऱ्याची चटणी, गूळ, बोरं. आमच्या लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा सण असतो, शेतात कडब्याची कोपी करून भज्जी, उंडे, आंबिल, त्या दिवशी तर शहरं ओस पडतात, सगळे रानात. त्या एका दिवसाला बाहेरचा पाहुणा बोलवा, जन्मभर विसरणार नाही. पण बोलवायचं ते आपल्या घरच्या पंगतीत. त्याच्यासाठी वेगळा देखावा करायचा नाही, तसं केलं की सण आपला राहत नाही.

कंधारचा_मास्तर

सगळ्यांनी छान लिहिलं, एक विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. पाहुणा आला की आपल्याकडं दुसरा प्रश्न आडनावाचा असतो. आणि पाहुणे सुद्धा फोनवर फिरवून फिरवून विचारतात की घर कुणाचं आहे. होमस्टेचा धंदा करायचा तर हा प्रश्न दारातच बंद करावा लागेल. ओळखपत्र बघायचं ते वहीत नोंद करायला, नाव पत्ता फोन, बस. अजिंठा वेरूळला येणारे कितीतरी लोक बौद्ध आहेत, आपल्याच राज्यातले आणि बाहेरचे पण, आणि ते तुमच्या दारातनं मान खाली घालून परत गेले तर त्या लेण्यांच्या शेजारी राहण्याला काय अर्थ राहिला.

गटातही तेच. नेहमी घरं निवडली जातात ती वेशीजवळची, मोठ्या वाड्याची. वस्तीवरचं घर, तांड्यावरचं घर, पलीकडच्या गल्लीतलं घर यादीत येतच नाही. खोली लहान असेल तर एक पाहुणा द्या पण नंबर द्या. लडाखमध्ये हिमबिबट्याच्या भागात गावांनी नंबरानं पाहुणे वाटून घ्यायची पद्धत पाडली आणि कमाईतला काही हिस्सा गावाच्या फंडाला ठेवला. आपल्या अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीला काजवे बघायला लोक जातात तिथंही गाव मिळून पाहुणे सांभाळतं. म्हणजे एकट्याच्या घराची कमाई बघून शेजारी जळण्यापेक्षा सगळ्यांना थोडं थोडं, हे जमलेलं आहे, आपल्याला पण जमंल.

सातमाळा_ताई

मास्तर तुम्ही लिहिलं ते मी आज गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग आमच्यातली एक वस्तीवरची ताई म्हणली, माझ्या घरी कोण येऊन राहील? दुसरी लगेच म्हणली मी येते की, शनिवारी येते, रात्रीची राहते. आणि त्याच्यातनंच पुढचं सगळं सुचत गेलं.

ह्या बायकांपैकी बहुतेकींनी माहेर आणि दवाखाना सोडला तर दुसऱ्याच्या घरी रात्र कधी काढलीच नाही, म्हणजे अनोळखी घरात पाहुणीला काय लागतं हे त्यांच्या अंगानं कधी अनुभवलेलंच नाही, ते प्रोजेक्टरवर दिसणार कसं? म्हणून आता असं ठरलंय की आधी आम्ही एकमेकींच्या घरी पाहुण्या म्हणून राहायचं, खरोखर दर देऊन, गटाच्या खात्यातनं. सकाळी उठून जिच्या घरी राहिलो तिला तोंडावर सांगायचं, पाणी गरम मिळालं का, उशीला वास होता का, रात्री संडासाला जाताना भीती वाटली का, भाजी खारट होती का. बाहेरच्यानं सांगितलं तर लागतं, आपल्यातलीनं सांगितलं तर सुधारतं. त्यानंतर दुसऱ्या गावच्या गटाकडं जाऊन राहायचं. मग कुठं ओळखीतले पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी अनोळखी.

चादरी, उशांचे अभ्रे, मच्छरदाण्या गटाच्याच राहतील, एका घरी धुवायच्या, धुणारीला त्याचे पैसे. बुकिंगचा फोन एकच, तो बारावी झालेल्या दोघी पोरींकडं, वारांचा तक्ता आणि सी-फॉर्म पण त्यांच्याकडंच. लेण्यात गाईडगिरी आम्ही करणार नाही, ते लायसनवाल्या गाईडचं काम आहे आणि त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही, आम्ही शेत, चूल, गावचा आठवडी बाजार एवढंच दाखवणार. पाण्याचा आणि दारूचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायला दोघी तयार झाल्यात, त्यातली एक तर आजवर ग्रामसभेत कधी बोललेली नाही.

अडचण एकच वाटते, पुरुष मंडळी. दोन घरी नवरे म्हणतात बाई माणूस दुसऱ्याच्या घरी रात्री कशाला राहायला पाहिजे, शिकायचं ते दिवसा शिका. ह्याच्यावर कुणाकडं उपाय आहे का?

तुळजापूरची_माहेरवाशीण

ताई सासूला पुढं करा. सासूला पहिली पाहुणी करून पाठवा सुनेसोबत, दोघी जातील. सासू राहून आली आणि तिला मान मिळाला, गरम पाणी मिळालं, की नवऱ्याला ती स्वतःच गप्प करेल. आमच्या माहेरी असंच होतं.

फर्दापूर_फाटा

आणि नवऱ्यांना पण काम द्या ना. गाडीवर पाहुण्याला फाट्यावरनं आणणं, पितळखोऱ्याला नेणं, आगटी पेटवणं, इन्व्हर्टर बघणं. रिकामा बसलेला माणूसच आडवा येतो. दुसऱ्या गावच्या गटाकडं राहायला जायचं म्हणता ना, आमच्याकडं या. माझ्या बहिणीचा गट आहे, चौदा बायका, त्यांना मी आत्ताच धागा वाचून दाखवला, त्या म्हणल्या सोमवारी या, लेणी बंद असतात म्हणून त्या दिवशी आम्हाला पण धंद्याची घाई नसते.

सातमाळा_ताई

सोमवार चालेल दादा. तुमच्या बहिणीचा नंबर मेसेजमध्ये पाठवा, इथं नको. आम्ही सहा जणी येऊ, दोघी सासवा धरून, आणि दर तुमचा पाटीवरचा जो असंल तोच घ्यायचा, ओळखीचा म्हणून एक रुपया कमी नको.